भाकरी, हळद आणि गोळ्यांची बाटली



या अंकातलं ‘गावाकडचं ताट’ हे सदर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरवर आहे. संत गोरोबाकाकांचं हे गाव म्हणजे सातवाहनकाळातलं तगर. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात येई, अशी नोंद पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. तेरच्या ताटात शाळूची भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी. आज इंग्लंडमधल्या दुकानात तीच ज्वारी ‘सुपरफूड’ होऊन बसलीय.

ज्वारी चांगलीच. 100 ग्रॅममध्ये साधारण 10 ग्रॅम प्रथिनं, तेवढाच चोथा, आणि ग्लूटेन नाही. पण पिष्टमय पदार्थही 65 ग्रॅमच्या वर! तेव्हा ‘भाकरीनं साखर वाढत नाही’ हा गैरसमज सोडा. मधुमेह असेल तर भाकरी मोजूनच खा. तिच्यातलं लोह अंगी लागावं म्हणून भाजीवर लिंबू पिळा, आणि जेवणाला लागून चहा नको.

हळदीच्या कॅप्सूलचंही तसंच. जखमेवरच्या हळदीचं अमेरिकी पेटंट 1997 मध्ये डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या भारतीय संशोधन परिषदेनं रद्द करवलं, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण त्या लढाईत सिद्ध झालं ते एवढंच, की हा वापर जुना आहे. मोठ्या मात्रेच्या हळद-मिऱ्याच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीतल्या चिमूटभर हळदीला मात्र कुणी घाबरू नये.

मग गोळी घ्यायची कुठली? पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-12 कमी निघालं. हे जीवनसत्त्व भाकरीत नाही, डाळीत नाही. दूध-दह्यात थोडं असतं. शाकाहारी घरांनी रक्त तपासून घ्यावं. दुसरं ‘ड’ जीवनसत्त्व. तेरला डोक्यावर असलेलं ऊन इथे इंग्लंडमध्ये ऑक्टोबर ते मार्च पुरत नाही, म्हणून या दिवसांत रोज 10 मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करा, असं इथली सरकारी आरोग्यसेवा एनएचएस सांगते. मूल हवं असलेल्या स्त्रियांसाठी फॉलिक आम्लाच्या उपयोगाचा पुरावा 1991 पासून पक्का आहे.

घरातल्या गोळ्यांच्या साऱ्या बाटल्यांची यादी पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवा. फराळाच्या तेलतुपाबद्दलही पुरावा आहेच, पण तो दिवाळीनंतरच्या अंकात छापू. शुभ दीपावली!

— संपादक