चांदीचे सूक्ष्म कण आणि सोरायसिस : आशा ठेवावी, घाई नको

सोरायसिस आणि जुनाट इसबावर चांदीच्या किंवा सोन्याच्या ‘नॅनो’ कणांचा रामबाण इलाज, अशा जाहिराती हल्ली मोबाईलवर सर्रास दिसतात. वर्षानुवर्षे खाज, खपल्या आणि लोकांच्या नजरा सोसणारा रुग्ण तिकडे ओढला जाणे स्वाभाविक आहे. सोरायसिस हा स्पर्शाने पसरत नाही, हे जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ सालच्या ठरावात स्पष्ट म्हटले आहे. तरीही आपल्याकडे न्हावी केस कापायला नाखूश असतो आणि लग्नाची बोलणी अडतात. या अगतिकतेचा बाजार मांडला जाऊ नये, म्हणून आजचा हा लेख.

प्रथम हे ‘नॅनो’ प्रकरण समजून घेऊ. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. हे कण बहुधा १०० नॅनोमीटरपेक्षाही लहान. धातूचे इतके बारीक तुकडे केले की त्याचा एकूण पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि त्याचे गुणधर्मही बदलतात. म्हणून अंगठीतली चांदी निरुपद्रवी आहे, एवढ्यावरून चांदीचे नॅनो कणही तसेच असतील, असे मानता येत नाही.

या कल्पनेत तथ्य नाही असे मात्र मुळीच नाही. भाजलेल्या जखमांवर चांदीयुक्त मलम १९६८ पासून वापरात आहे आणि ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असेल. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकार यंत्रणा विनाकारण चिडलेली राहते, त्वचेच्या पेशी भराभर वाढतात आणि त्यांचे थर साचतात. धातूचे सूक्ष्म कण हा दाह पेटवणारे पेशींमधील संदेश मंदावतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. रुमानियातील क्लुज येथील संशोधकांनी २०१४ साली एल्डरबेरी या फळाच्या अर्कातून चांदीचे कण तयार केले. ते त्यांनी पेशींवर व प्राण्यांवर तपासले आणि सोरायसिसच्या चट्ट्यांवरही लावून पाहिले. दाह कमी झाल्याचे त्यांनी नोंदवले. ही बातमी निश्चितच आशादायक आहे.

पण मोजक्या चट्ट्यांवर गुण दिसणे वेगळे आणि हजारो रुग्णांना वर्षानुवर्षे देता येईल असे औषध हाती येणे वेगळे. भाजलेली जखम बहुधा काही आठवड्यांत भरते आणि मलम थांबते. सोरायसिस जन्मभराचा सोबती आहे. औषध सतत लावायचे, तेही अंगाच्या मोठ्या भागावर, आणि त्वचा फुटलेली असताना. निरोगी कातडीचा वरचा थर बाहेरच्या वस्तू बऱ्याच अंशी अडवतो. इसबात नेमका तोच थर फाटलेला असतो. मग आत गेलेला धातू कुठे साठतो, किती साठतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

चांदी शरीरात साठली की काय होते, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. ‘चांदीचे पाणी’ दीर्घकाळ पिणाऱ्यांची कातडी निळसर-राखाडी होते आणि तो रंग सहसा कायमचा राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ साली चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या अशा चांदीयुक्त औषधांना सुरक्षित व गुणकारी मानण्यास नकार दिला. सोन्याचा धडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. फ्रेंच डॉक्टर फॉरेस्टिए यांनी १९२९ पासून संधिवातावर सोन्याच्या क्षारांचा वापर सुरू केला. अनेकांना गुण आला, म्हणून ती इंजेक्शने कित्येक दशके दिली गेली. पण अंगावर पुरळ उठणे आणि मूत्रपिंडाला इजा होणे हे त्यांचे नेहमीचे त्रास होते. अधिक चांगली औषधे येताच सोने मागे पडले.

“आपल्याकडे भस्मे पूर्वापार आहेतच की,” असे कोणी म्हणेल. परंपरेचा मान राखूनही सांगावेसे वाटते की जुने असणे म्हणजे तपासलेले असणे नव्हे. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे एक पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले.

माझे मत स्पष्ट आहे. या कणांवर संशोधन व्हावे, आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत व्हावे आणि रीतसर चाचण्या करून व्हावे. नॅनो औषधे कशी तपासावीत याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०१९ साली जाहीर केलेली आहेत. त्या वाटेने जे औषध येईल त्याचे मी स्वागत करीन. त्या वाटेला न जाता कुरियरने घरी येणारी डबी मात्र मी कोणत्याही रुग्णाला सुचवणार नाही.

खरा धोका त्या डबीपेक्षाही चालू उपचार सोडण्यात आहे. गोळ्या किंवा इंजेक्शनच्या रूपाने घेतलेले स्टिरॉइड एकाएकी बंद केल्यास सोरायसिस भडकून अंगभर पुवाळलेले फोड येऊ शकतात. मेथोट्रेक्सेट ही उपयुक्त व स्वस्त गोळी सोरायसिसमध्ये आठवड्यातून ठरलेल्या एकाच दिवशी घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास ती जिवावर बेतते. गरोदरपणात ती घेऊ नये, तिच्याबरोबर दारू टाळावी आणि रक्ताची तपासणी वेळच्या वेळी करावी.

तेव्हा वाचकहो, जाहिरात पाहिल्यावर तीन प्रश्न विचारा. यात कोणता धातू किती प्रमाणात आहे? किती रुग्णांवर, किती काळ तपासले? परवाना क्रमांक कोणता? उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशातच ठेवा. आंघोळीनंतर ओलसर अंगावर साधे व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल नियमित लावा, चट्टे खरवडू नका, तंबाखू सोडा आणि जिल्हा रुग्णालयातील त्वचारोग विभागात एकदा अवश्य दाखवा. सोरायसिस मुळापासून जात नसला तरी आटोक्यात राहतो आणि त्यासाठीची औषधे आजही उपलब्ध आहेत.