गाडी केवढी घ्यावी?



गावोगाव पिकअप उभ्या राहिल्या आहेत, याचा आम्हाला आनंदच आहे. वाहन नसले की कापूस दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला, तो म्हणेल त्या भावाने द्यावा लागतो. वाहन असले की दोन बाजार पाहता येतात, भाव पटला नाही तर माल माघारी आणता येतो. पण गरजेपेक्षा मोठी गाडी घेतली, तर व्यापाऱ्याच्या तावडीतून सुटलेला शेतकरी फायनान्सवाल्याच्या तावडीत सापडतो. कापसाचा पैसा हंगामात येतो; हप्ता मात्र बारा महिने चुकत नाही.

तेव्हा हिशोब मांडू. कोरडवाहू पाच एकरांत २५ क्विंटल कापूस झाला असे धरा. २००५ साली बाजारात आलेला 'छोटा हत्ती' साधारण ७५० किलो नेतो. त्याच्या चार खेपा होतील. १,७०० किलोच्या पिकअपच्या दोन. सुटा कापूस वजन भरण्याआधीच हौदा भरतो, म्हणून एखाददुसरी खेप वाढेल. ज्वारीचे उलटे. क्विंटलची १७ पोती चढली की उंच फळ्यांचा हौदा वर मोकळा दिसतो, पण गाडीचे वजन पुरे झालेले असते. म्हणून कापसासाठी हौदा मोजा, ज्वारीसाठी वजन मोजा.

विकणाऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका. आरसी बुकात एकूण वजन आणि रिकामे वजन लिहिलेले असते. पहिल्यातून दुसरे वजा करा. नंतर बसवलेली लोखंडी जाळी, ड्रायव्हर आणि मजूर यांचे वजनही त्यातूनच जाते. उरेल तेवढाच तुमचा माल. त्यावर भराल तर पाटे तुटतील, टायर फुटतील आणि ब्रेक लागता लागणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे जादा मालाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. एका खेपेची बचत करायला जाऊन अख्ख्या हंगामाचे भाडे घालवण्यासारखेच हे आहे.

ट्रॅक्टरची ट्रॉली पिकअपला जोडण्याचा मोह तर टाळाच. भरलेली ट्रॉली पिकअपपेक्षा जड असते. उतारावर ती गाडीलाच पुढे ढकलते. ट्रॉली ओढणे हे ट्रॅक्टरचे काम.

एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परवाना लागत नाही. ७,५०० किलोच्या आतली मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केले. म्हणजे अडचण कायद्याची कमी, हिशोबाची जास्त.

वर्षाला चार-सहा खेपांसाठी एका घराने गाडी घेणे परवडत नाही. चार-पाच घरांनी मिळून घेतली, उरलेल्या दिवसांत भाडे मारले, तर जमते. पुढच्या बैठकीला येताना गेल्या वर्षीच्या खेपा आणि मोजलेले भाडे कागदावर लिहून आणा. वर्षाचा हप्ता, विमा आणि डिझेल त्या भाड्यापेक्षा जास्त निघाले, तर भाड्याची गाडीच बरी. त्यात कसलाही कमीपणा नाही.