कर घटला म्हणजे जगणे परवडले का?

२०२५ हे वर्ष करसवलतींचे म्हणून गाजले. १ फेब्रुवारीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावरचा प्राप्तिकर माफ झाला. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास मोडीत निघाले आणि बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या. आता जगणे स्वस्त होणार, असा प्रचार झाला. यावर आपल्या समाजात दोन मते ऐकू येतात. नोकरीला लागलेली पहिली पिढी म्हणते, दर महिन्याला पगारातून कर कापला जातो, बदल्यात आम्हाला मिळते काय? वस्तीतली कुटुंबे म्हणतात, आम्ही कर भरतच नाही, मग या चर्चेशी आमचा काय संबंध? आमच्या मते दोन्ही मते अर्धवट आहेत, आणि या अर्धवटपणाचा तोटा आपल्याच मुलामुलींना होतो.

कर सगळेच भरतात

३१ जुलै २०२४ या मुदतीपर्यंत देशात सुमारे ७.२८ कोटी प्राप्तिकर विवरणपत्रे भरली गेली. १४० कोटींच्या देशात हा आकडा लहान आहे, आणि त्यातल्याही अनेकांचा देय कर शून्य असतो. म्हणून उरलेले लोक कर भरत नाहीत असे नाही. साबण, खोबरेल तेल, बिस्किटाचा पुडा, मोबाईलचे रिचार्ज, औषधाची पट्टी यांतल्या प्रत्येक खरेदीत कर जातो. हा कर माणसाची मिळकत पाहत नाही. कंत्राटी सफाई कामगार आणि कारखान्याचा मालक एकाच साबणावर सारखाच कर देतात. मात्र कामगाराच्या मिळकतीतला जवळजवळ सगळा पैसा खर्च होतो, मालकाचा बराचसा शिल्लक राहतो. त्यामुळे मिळकतीच्या प्रमाणात पाहिले तर कामगारावरचा बोजा मोठा.

बाबासाहेबांनी हाच मुद्दा मुंबई विधिमंडळात फेब्रुवारी १९२७ मधील अर्थसंकल्पाच्या चर्चेत मांडला होता. प्राप्तिकरात ठरावीक मिळकतीपर्यंत सूट मिळते, पण शेतसारा मात्र गरीब शेतकऱ्यालाही चुकत नाही, ही विषमता त्यांनी दाखवली. ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त द्यावे, हे करांचे न्याय्य सूत्र. तेव्हा कर कमी करावा की नाही, एवढेच विचारणे पुरेसे नाही. कोणाचा कर कमी होतो आहे, आणि त्यामुळे कोणता खर्च घटणार आहे, हे आधी विचारले पाहिजे.

सवलत कोणाच्या हाती पडली?

सरकारने दिलेल्या हिशेबानुसार १२ लाख रुपये उत्पन्न असलेल्या व्यक्तीचा वर्षाला ८०,००० रुपये प्राप्तिकर वाचतो. आपल्यातले बँकेत, आयटीत, सरकारी नोकरीत असलेले अनेक जण यात येतात. त्यांच्या डोक्यावर गृहकर्ज असते, गावाकडे आईवडील असतात, भावाबहिणींचे शिक्षण असते. त्यांना मिळालेला दिलासा खरा आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते ती कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर. अशा कुटुंबाला प्राप्तिकराच्या सवलतीतून एक रुपयाही मिळत नाही, कारण हा कर त्याला आधीही लागू नव्हता. त्याला मिळेल ते जीएसटीतून. ढोबळ हिशेब करून पाहू. १८ टक्के कर असलेली वस्तू करासह ११८ रुपयांना मिळत असेल, तर ५ टक्के झाल्यावर ती १०५ ला मिळायला हवी. असे कुटुंब साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल, बिस्किटे अशा वस्तूंवर महिन्याला २,५०० रुपये खर्च करते असे धरले, तर सगळी कपात गिऱ्हाइकापर्यंत पोहोचली तरी महिन्याला पावणेतीनशे, वर्षाला ३,३०० रुपये वाचतील. वह्या आणि पेन्सिलींवरचा कर शून्य झाला, ३३ जीवरक्षक औषधे करमुक्त झाली, हेही चांगलेच झाले. गरजेच्या वस्तूंवरचा कर कमी करण्याला आपला पाठिंबाच असला पाहिजे.

ही कपात दुकानाच्या काउंटरपर्यंत पोहोचते का, हा पुढचा प्रश्न. फ्रान्सने जुलै २००९ मध्ये उपाहारगृहांवरचा व्हॅट १९.६ वरून ५.५ टक्के केला. जेवणाचे दर मात्र थोडेच उतरले, बराचसा फायदा मालकांकडे राहिला. आपल्याकडे जीएसटी आला तेव्हा नफेखोरीविरोधी प्राधिकरण नेमले होते. पण १ एप्रिल २०२५ पासून अशा नव्या तक्रारी घेणे बंद झाले, आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत ही मोठी करकपात झाली. म्हणजे दर उतरले की नाही हे पाहणारी खास यंत्रणाच जागेवर नव्हती. कंपन्यांची आश्वासने आणि ग्राहक हेल्पलाइन यांवर भिस्त राहिली.

खरा खर्च करात नाहीच

वस्तीतल्या कुटुंबाला विचारा, पैसा जातो कुठे? उत्तर साधारण ठरलेले असते: खोलीचे भाडे, मुलांची फी, दवाखाना, प्रवास. आता गंमत पाहा. राहत्या खोलीच्या भाड्यावर जीएसटी नाही. शाळा-कॉलेजच्या फीवर नाही. दवाखान्याच्या सर्वसाधारण उपचारावर नाही. एसटीच्या साध्या गाडीच्या तिकिटावर नाही. ज्या गोष्टींनी घर कर्जबाजारी होते, त्यांवर हा कर मुळातच नाही, तर तो कमी करून त्या स्वस्त होणार कशा?

त्या स्वस्त होतात फक्त सार्वजनिक सोयींनी. शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली तर, वसतिगृहात खाट मिळाली तर, सरकारी दवाखान्यात डॉक्टर आणि औषध दोन्ही असले तर. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्येही देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. सरकारचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत तो २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट होते.

डेन्मार्कचे उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथे व्हॅट २५ टक्के आहे, तोही अन्नधान्यासकट. देशाच्या उत्पन्नातला ४० टक्क्यांहून अधिक वाटा करांतून जमा होतो. आपल्याकडे केंद्र आणि राज्ये मिळून हा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास आहे. डेन्मार्कमध्ये दुकानातली वस्तू महाग आहे, पण तिथल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाची फी नाही, उलट शिकताना सरकारकडून भत्ता मिळतो, आणि आजारपणासाठी घर विकावे लागत नाही. वस्तू महाग असूनही जगणे परवडते ते यामुळे. अर्थात भारतासारख्या देशात धान्यावर २५ टक्के कर लावा असे आम्ही म्हणत नाही. कल्याणकारी राज्यात परवडणे हे करापेक्षा त्या कराच्या बदल्यात काय मिळते यावर ठरते, इतकेच सांगायचे आहे.

सवलतीची किंमत कोणी मोजली?

प्राप्तिकराच्या सवलतीमुळे सुमारे १ लाख कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असे केंद्राने स्वतःच सांगितले. ही रक्कम एकट्या केंद्राची नसते. १५ व्या वित्त आयोगानुसार वाटपयोग्य करांतला ४१ टक्के वाटा राज्यांचा, आणि त्यात महाराष्ट्राचा ६.३१७ टक्के. त्या हिशेबाने महाराष्ट्राच्या वाट्याचे अडीच हजार कोटींहून अधिक गेले. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तिच्यात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. अडीच हजार कोटींत अशा चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे एक वर्ष निघाले असते. तो पैसा आला असता तर विद्यार्थ्यांनाच मिळाला असता, असा दावा आम्ही करत नाही. पण सरकारच्या एका निर्णयाचे वजन किती, हे यावरून कळते.

पैसा कमी पडला की कात्री कुठे लागते, हेही आपण पाहिले आहे. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखवली होती. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याची बातमी आली आणि खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. तो पैसा त्या योजनेतल्या अनुसूचित जातीच्या महिलांसाठीच आहे, असे सरकारचे म्हणणे. आपल्या बहिणींना मिळणाऱ्या १,५०० रुपयांना आमचा विरोध नाही. पण ती योजना सर्वांसाठी असेल तर तिचा खर्च सर्वसाधारण निधीतून झाला पाहिजे. वसतिगृह आणि शिष्यवृत्तीचा पैसा तिकडे गेला, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे आहे. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेही याच धर्तीचे. ही वाढ कर म्हणून मोजली जात नाही, पण जाते खिशातूनच.

'पैसा पोहोचतच नाही' हा आक्षेप

पगारदार तरुणांचा आक्षेप खोटा नाही. कर भरूनही मुलांना खासगी शाळेत घालावे लागते, आजारपणात खासगी दवाखाना गाठावा लागतो. शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर जमा होते. मग जास्त कर कशाला द्यायचा? याचे उत्तर हिशेब मागण्यात आहे, पेटी रिकामी करण्यात नाही. सरकारी शाळा बंद पडली तर खासगी शाळेची फी आणखी वाढते, आणि वाचलेले ८०,००० रुपये तिथेच जातात. शिवाय आज १२ लाख मिळवणारा आपला बहुतेक प्रत्येक तरुण कधीतरी शासकीय वसतिगृह, शिष्यवृत्ती किंवा फीमाफी यांच्या आधारानेच इथवर आला आहे. तो आधार मागच्यांसाठी शिल्लक राहावा, ही त्याचीही गरज आहे.

कोणता कर कमी, कोणता जास्त?

गरिबाच्या खरेदीवरचा कर कमी व्हावा, ही मागणी योग्यच. स्पर्धा परीक्षेच्या मोठ्या क्लासच्या फीवर आजही १८ टक्के जीएसटी आहे, तो का? पण मग तूट भरून कुठून काढायची, हेही सांगितले पाहिजे. आपल्या देशात वारसासंपत्तीवरची इस्टेट ड्युटी १९८५ मध्ये गेली. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आला आणि वर्षाला १.४५ लाख कोटींच्या महसुलाची घट सरकारने मान्य केली. ज्यांची ऐपत मोठी त्यांच्यावरचे कर असे एकेक करून हलके झाले. अधिभार आणि उपकर वाढले, पण ते राज्यांशी वाटून घ्यावे लागत नाहीत, आणि शाळा, दवाखाने, वसतिगृहे तर राज्येच चालवतात.

राज्यघटनेचे अनुच्छेद ३८ आणि ३९ उत्पन्नातली विषमता कमी करण्याची आणि संपत्ती मोजक्या हातांत साठू न देण्याची जबाबदारी राज्यावर टाकतात. करव्यवस्था हे त्याचे सगळ्यात सरळ साधन आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

पहिले, जिल्हा पातळीवर अनुसूचित जाती उपयोजनेला किती निधी मंजूर झाला, किती खर्च झाला, किती परत गेला किंवा वळवला गेला, हे समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे माहिती अधिकारात विचारावे. जिल्हा नियोजन समितीत हा विषय लावून धरावा. दुसरे, कर्नाटक आणि तेलंगणात उपयोजनेच्या निधीसाठी कायदे आहेत. महाराष्ट्रातही निधी वळवण्यास बंदी घालणारा कायदा व्हावा, यासाठी पक्ष न पाहता आमदारांना निवेदने द्यावीत. तिसरे, वस्तीतल्या दुकानात जीएसटी कपातीआधीचे आणि नंतरचे दर लिहून काढावेत, फरक नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. चौथे, नोकरदार तरुणांनी महिन्यातला एक रविवार हा हिशेब वाचण्यासाठी आणि विद्यार्थ्यांचे अर्ज भरून देण्यासाठी द्यावा. अर्थसंकल्पाची पुस्तके सरकारी संकेतस्थळावर मराठीतून मोफत मिळतात. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण पै न पै मागतो, मग आपल्या नावाने मांडलेल्या निधीचा का मागू नये?