परक्या फौजेला शिकवून काय मिळतं?

परक्या फौजेला लढायला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं एका व्याख्यात्यानं परवा ठणकावून सांगितलं आणि सभागृहानं टाळ्या दिल्या. पुरावा एकच: अमेरिकेनं वीस वर्षं अफगाण सैन्य घडवलं आणि ऑगस्ट २०२१मध्ये ते कोसळलं. म्हणे, अमेरिकी मरीन सैनिकांनी परदेशी सैन्याला सल्ले देणं आता थांबवावं.

कोसळलं, हे खरंच. पण का? २०१७पासून हेल्मंड प्रांतात मरीन सल्लागार अफगाण सैन्याच्या ज्या २१५व्या कोअरसोबत होते, तिचे सैनिक काबूल पडण्याच्या दोनच दिवस आधीपर्यंत लष्करगाहमध्ये झुंजत होते. फेब्रुवारी २०२०च्या अमेरिका-तालिबान दोहा कराराच्या वाटाघाटींत अफगाण सरकारला बसूही दिलं नव्हतं. त्याच करारामुळे विमानं दुरुस्त करणारे परदेशी कंत्राटी तंत्रज्ञ निघून गेले. ज्या फौजेला रसद आणि जखमींसाठी हवाईदलावर विसंबायला शिकवलं, तिच्या हवाईदलाचेच हातपाय बांधले. हजेरीपटावरचे कित्येक सैनिक नुसते कागदावर होते, त्यांचे पगार वरचे खात होते. यात नेम धरायला शिकवणाऱ्या सार्जंटचा काय गुन्हा? हा वाद जुना आहे, आणि दर वेळी धोरण ठरवणारे सुटतात, मैदानात उभा असलेला सापडतो. याची मला मनापासून चीड आहे.

सल्लागारांना भाषा येत नाही? शिकवा. अशी फौज उद्या स्वतःच्याच जनतेवर उलटेल? भीती रास्त आहे. म्हणून शिष्य पारखून घ्यावेत.

शिकवण्याचं फळ पाहायचं, तर व्हिएतनाममधला २ एप्रिल १९७२ आठवा. उत्तर व्हिएतनामचे रणगाडे डोंग हाच्या पुलावर आले होते. मेजर ले बा बिन्ह यांच्या तिसऱ्या दक्षिण व्हिएतनामी मरीन बटालियननं दक्षिण तीर सोडला नाही. तिच्याच एका सार्जंटनं खांद्यावरच्या रॉकेटनं पुढचा रणगाडा रोखला. बटालियनचे अमेरिकी सल्लागार कॅप्टन जॉन रिप्ली पुलाखालच्या तुळयांना लोंबकळत तासन्‌तास स्फोटकं लावत राहिले, आणि पूल उडाला. सप्टेंबरमध्ये क्वांग त्रीचा किल्ला व्हिएतनामी मरीननीच परत घेतला. पुढे १९७५मध्ये ते हरले, पण सल्लागार त्याच्या दोन वर्षं आधीच परतले होते आणि अमेरिकी मदतही आटली होती.

म्हणून सल्लागारानं एकाच बटालियनबरोबर वर्षभर राहावं, तिच्याच पंगतीला जेवावं आणि बंदुकीइतक्याच कसोशीनं हजेरीपट, इंधन आणि इंजिनदुरुस्ती शिकवावी.