मुलखाबाहेरची कादंबरी

मे महिना उजाडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून सुट्टीतील वाचनाविषयी जो हितोपदेश सुरू होतो, त्यातील एक कलम हटकून असे असते की ज्या मुलखात मुक्कामास जावयाचे, त्याच मुलखातील कादंबरी बरोबर घ्यावी. हे कलम मी अनेक वर्षे बिनतक्रार पाळीत आलो; यंदा मात्र ते साफ रद्द करावे अशा निर्णयाप्रत मी आलो आहे, आणि त्याचे श्रेय माझ्या बुद्धीस नसून धाकट्या कन्येच्या आगाऊपणास आहे.

यंदा आमचे दोन प्रवास झाले: प्रथम सासुरवाडीस, दापोली तालुक्यात, आणि मागाहून कुलदैवताच्या दर्शनास, खरसुंडीच्या सिद्धनाथाला. श्री. ना. पेंडसे जन्माने दापोलीकडच्या मुर्डीचे, म्हणून पहिल्या खेपेस त्यांची १९५२ सालची 'गारंबीचा बापू' आणि दुसऱ्या खेपेस व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची 'बनगरवाडी' अशी शिरस्त्यास धरून योजना होती. परंतु वरंधा घाट उतरण्यापूर्वीच 'बापू' कन्येच्या हवाली झाला, तिच्याकडून तो आजीकडे गेला, आणि सासऱ्यांच्या पडवीतील झोपाळ्यावर माझ्या हाती 'बनगरवाडी' तेवढी उरली.

वैशाखातील कोकणची हवा अशी की पुस्तकाची पाने बोटांस चिकटतात आणि माजघरातील फणसाचा दर्प पडवीपर्यंत येतो. त्या ओलसर आसमंतात, एकशिक्षकी शाळेवर नेमणूक झालेल्या त्या पोरसवदा मास्तराच्या मागोमाग मी माणदेशच्या उघड्या माळावरून चालू लागलो, तेव्हा खरसुंडीस बसून पूर्वी दोनदा वाचूनही जे ध्यानी आले नव्हते ते प्रथमच ध्यानी आले: माडगूळकर माळाचे वर्णन जवळजवळ करीतच नाहीत. दुष्काळ येतो तोही आभाळाच्या शोकाविना. मेंढरे मरू लागतात, माणसे वस्ती सोडून निघतात, इतकेच. माणदेशात बसून वाचणाऱ्याच्या बाबतीत खिडकीबाहेरचा माळ परस्पर लेखकाच्या खाती जमा होतो. हर्णैच्या वाऱ्यात मात्र सारा वसूल एकट्या भाषेकडून करावा लागतो, आणि माडगूळकरांची भाषा तो पैन् पै चुकता करते.

पुढे खरसुंडीच्या भक्तनिवासात, पत्रा तापून कडकड वाजत असताना, 'बापू' अखेर माझ्या हाती आला. कोकणात वाचताना माझे निम्मे चित्त हा साकव तोच का, ही आगरे तीच का, या पंचाइतीत गुंतलेले असे. आता ती सोय नव्हती. उरली ती माणसे. राधा पूर्वी वाटली होती त्याहून पुष्कळ मोठी वाटली, अण्णा खोतांचा दरारा तसाच टिकला. बापूला उत्तरार्धात लाभणारे यश मात्र जरासे स्वस्तात मिळाल्यासारखे वाटले. नारळी-पोफळीच्या सावलीत हा दोष माझ्या नजरेतून निसटला होता, आणि पेंडशांचा चाहता असूनही तो येथे नमूद करणे मला भाग आहे. (माझ्या सासूबाईंना हे मत मुळीच मान्य नाही.)

दिवाळीत आम्हांस नागपूरला जावयाचे आहे. गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' मी आत्ताच पिशवीत टाकून ठेवली आहे, कन्येच्या दृष्टीस पडणार नाही अशी, धोतरांच्या तळाशी.