नेपा मिल: मालक बदलले, माल कधी बदलणार?



२३ ऑगस्ट २०२२ रोजी नेपा मिल पुन्हा सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे पहिला प्रश्न निघाला तो भरतीचा. तरुण मुलांच्या घरात तो निघणारच. पण बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरा प्रश्न आधी सुचतो: ही मिल विकणार काय आणि कोणाला?

१९४७ साली ही कंपनी खासगी म्हणून निघाली. १९४९ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने ती हाती घेतली. २६ एप्रिल १९५६ ला पंडित नेहरूंनी ती देशाला अर्पण केली आणि पुढे ती केंद्राकडे गेली. १९८१ पर्यंत वर्तमानपत्राचा कागद करणारी देशात हीच एक मिल होती. सुरुवातीला सलई आणि बांबू हा कच्चा माल. जंगलातून तो मिळेनासा झाल्यावर मिल रद्दीवर आली. मालक बदलले, कच्चा माल बदलला, तयार माल मात्र तोच राहिला. १९९०च्या दशकात परदेशी कागदाला वाट मोकळी झाली आणि हेच अंगाशी आले.

केवळ सरकारी कारभाराला बोल लावून भागत नाही. नॉर्वेत १९६२ साली जंगलमालकांनी ‘नोर्स्के स्कोग’ ही कागद कंपनी काढली. तिने देशोदेशीच्या मिल विकत घेतल्या, जगातल्या बड्या कंपन्यांत जाऊन बसली. मग लोक बातम्या मोबाईलवर वाचू लागले. खप घटला, कर्ज तेवढेच राहिले. डिसेंबर २०१७ मध्ये मूळ कंपनीचे दिवाळे निघाले. पण मिल चालूच राहिल्या, कारण नव्या मालकांनी माल बदलायला घेतला. ऑस्ट्रियातल्या ब्रुकच्या मिलमध्ये वर्तमानपत्राच्या कागदाचे एक यंत्र बदलून आता खोक्यांचा कागद निघतो.

नेपासाठी केंद्राने २०१८ मध्ये सुमारे ४६९ कोटींची योजना मंजूर केली. क्षमता वर्षाला १ लाख टन झाली, लिहिण्या-छापण्याचा कागदही करता येऊ लागला. पाऊल चांगले, पण उशिरा पडलेले. शिवाय यंत्राचा पैसा एकदाच लागतो, खेळते भांडवल रोज लागते. रद्दी रोखीने घ्यायची, कागद उधारीवर द्यायचा, तर मधल्या दिवसांचे व्याज कोण भरणार? माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे. आणि आपल्या जिल्ह्याची केळी बाहेर पाठवायला खोकी लागतातच, तर त्या कागदाचा विचार नेपाने का करू नये?

लालबागची ताप्ती मिल १९०६ची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली ती थांबलीच.

नेपात भरती निघाली तर मुलांनी अर्ज जरूर करावा. सरकारी कंपनीचा वार्षिक अहवाल सर्वांना पाहता येतो. त्यातले विक्रीचे आणि उधारीचे आकडे अर्जाआधी घरच्यांनी मिळून वाचावेत.