चर्च वाढले, पत ओसरली
दक्षिण कोरियाचा धडा : संख्या हेच यश मानले की काय होते?

दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे रात्री एखाद्या टेकडीवरून शहराकडे पाहिले, की इमारतींच्या माथ्यांवर लाल दिव्यांचे क्रूस दूरवर चमकताना दिसतात. एखादा क्रूस हजारो लोक मावतील अशा प्रार्थनामंदिरावर असतो, तर एखादा दुकानांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने घेतलेल्या खोलीवर. १८८५ साली पहिले प्रोटेस्टंट धर्मोपदेशक या देशाच्या किनाऱ्यावर उतरले. २०१५ च्या जनगणनेत तेथे ९६ लाखांहून अधिक प्रोटेस्टंट आणि सुमारे ३९ लाख कॅथलिक नोंदले गेले. बौद्धांची संख्या ७६ लाखांच्या आसपास, म्हणजे प्रोटेस्टंटांहून कमी भरली. पाश्चात्त्य सत्तेची वसाहत कधीही नसलेल्या एका आशियाई देशात ख्रिस्ती धर्म इतका रुजावा, ही आधुनिक इतिहासातील एक विलक्षण घटना होय.

मात्र त्याच जनगणनेने दुसरी बाजूही पुढे आणली. आपला कोणताही धर्म नाही, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण २००५ साली ४७ टक्के होते, ते दहा वर्षांत ५६ टक्क्यांवर गेले. तरुणांत हे प्रमाण त्याहून अधिक आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२३ साली लिस्बन येथे, कॅथलिकांचा पुढचा जागतिक युवा मेळावा २०२७ साली सोलला भरेल, अशी घोषणा केली. ज्या देशातील तरुण धर्मसंस्थेकडे पाठ फिरवीत आहेत, त्याच देशात हा मेळावा व्हावा, यातला विरोधाभास लक्षणीय आहे. चर्च वाढले कशाने आणि त्याची पत ओसरली कशाने, या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्रच शोधावी लागतात.

कोरियात मिशनरी पोहोचण्यापूर्वी पुस्तक पोहोचले होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काही कोरियन विद्वानांनी चीनमधून आलेले कॅथलिक ग्रंथ वाचले आणि १७८४ साली त्यांच्यातील यी सुंग-हुन यांनी बीजिंगमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढील शतकभर राजसत्तेने या नव्या पंथाचा अमानुष छळ केला. प्रोटेस्टंटांची कथाही अशीच आहे. स्कॉटिश धर्मोपदेशक जॉन रॉस यांनी मांचुरियात कोरियन सहकाऱ्यांच्या मदतीने लूकचे शुभवर्तमान कोरियन भाषेत आणले व ते १८८२ साली छापले. अंडरवूड आणि अपेन्झेलर हे अमेरिकन धर्मोपदेशक १८८५ साली कोरियात दाखल झाले, तेव्हा ते पुस्तक वाचून बाप्तिस्म्याची वाट पाहणारी माणसे तेथे आधीच होती.

हे भाषांतर कोणत्या लिपीत झाले, यालाही महत्त्व आहे. पंधराव्या शतकात राजा सेजोंग याने सामान्य जनांसाठी हंगुल ही सोपी लिपी तयार करविली होती. परंतु चिनी विद्येचा अभिमान बाळगणाऱ्या उच्चवर्गाने तिला बायकामुलांची लिपी म्हणून हिणविले. बायबल हंगुलमध्ये छापले गेले आणि शेतकरी, मजूर, स्त्रिया ते वाचू लागल्या. गीतेचे ज्ञान संस्कृताच्या कड्याकुलपातून काढून मराठीत आणणाऱ्या ज्ञानदेवांचे महत्त्व जाणणाऱ्या महाराष्ट्राला या घटनेचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको.

दुसरे कारण पैशाचे. १८९० साली चीनमधील अनुभवी मिशनरी जॉन नेवियस सोलला आले आणि त्यांनी तेथील तरुण सहकाऱ्यांना एक सूत्र दिले. स्थानिक मंडळींनी आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण करावा आणि प्रसारही आपणच करावा, हे ते सूत्र. परदेशी पैशाने प्रचारक पोसू नयेत आणि मंडळीला झेपेल एवढेच प्रार्थनाघर बांधावे, हा त्यातला व्यवहार. अनेक देशांत मिशनच्या पगारावर जगणारा वर्ग निर्माण झाला व धर्मांतरितांकडे समाज संशयाने पाहू लागला. आपल्याकडेही रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडावीशी वाटली, ती ख्रिस्ती धर्म या मातीचा व्हावा याच तळमळीने. कोरियातील मंडळींना हे स्वावलंबन प्रारंभीच लाभले.

१९०७ च्या जानेवारीत प्याँगयांग येथील एका चर्चमध्ये सभा भरली असता लोकांनी उभे राहून, रडत, आपापल्या पापांची जाहीर कबुली दिली. या लाटेने कोरियन प्रोटेस्टंट पंथाला त्याचे स्वरूप दिले. वेल्समध्ये १९०४ साली आणि आपल्या खासी टेकड्यांत १९०५ साली झालेल्या आध्यात्मिक जागृतीच्या वार्ता तत्पूर्वी कोरियात पोहोचल्या होत्या. त्याच १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्येही अशीच जागृती झाली होती. आज उत्तर कोरियाची राजधानी असलेले प्याँगयांग त्या काळी ‘पूर्वेचे जेरुसलेम’ म्हणून ओळखले जाई.

तथापि, चर्चला समाजात प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः १९१९ साली. जपानने १९१० मध्ये कोरिया गिळंकृत केला होता. १ मार्च १९१९ रोजी स्वातंत्र्याची घोषणा प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यावर सह्या करणाऱ्या ३३ जणांपैकी १६ ख्रिस्ती होते. लोकसंख्येत मात्र ख्रिस्ती लोक तेव्हा दोन टक्केही नव्हते. पुढच्याच महिन्यात जेआम-नी या खेड्यात जपानी सैनिकांनी ग्रामस्थांना चर्चमध्ये कोंडून ते पेटवून दिले. आशियात अन्यत्र ख्रिस्ती धर्म परकीय राज्यकर्त्यांचा धर्म म्हणून आला. कोरियात राज्यकर्ता जपानी होता आणि चर्च त्याच्या विरोधात उभे होते. राष्ट्रप्रेम आणि ख्रिस्ती श्रद्धा यांत येथे वैर उरले नाही. अर्थात हा इतिहास निष्कलंक नाही. १९३८ साली प्रेस्बिटेरियन महासभेने दडपणाखाली शिंतो मंदिरांपुढे मान झुकविण्याचा ठराव केला. तो झुगारणारे पाळक जू गी-चोल १९४४ साली तुरुंगात मरण पावले.

फाळणी आणि १९५० ते १९५३ च्या युद्धाने लक्षावधी माणसे निराधार झाली. उत्तरेतून पळून आलेल्या ख्रिस्ती निर्वासितांनी दक्षिणेत नव्या मंडळ्या उभारल्या आणि साम्यवादाचा कडवा विरोधही सोबत आणला. पुढे उद्योगीकरणाच्या रेट्यात खेड्यांतली तरुण पिढी सोलच्या झोपड्यांत येऊन पडली. अशाच एका गरीब वस्तीत १९५८ साली चो योंग-गी या तरुण पाळकाने चोई जा-शिल यांच्यासह मूठभर लोकांची उपासना सुरू केली आणि ती लवकरच तंबूत भरू लागली. १९७३ साली ही मंडळी येओइदो बेटावर गेली आणि १९९० च्या दशकात तिने सात लाखांवर सभासद सांगितले. जगातील सर्वांत मोठे चर्च म्हणून ते गाजले. त्याची खरी ताकद भव्य सभागृहात नसून घराघरांत भरणाऱ्या छोट्या प्रार्थनागटांत होती आणि त्या गटांचे नेतृत्व बहुतांशी स्त्रियांकडे होते. अनोळखी शहरात एकट्या पडलेल्या कुटुंबाला आठवड्यातून एकदा हक्काची चार माणसे भेटत, आजारपणात कोणी विचारपूस करी. हा आधार खोटा नव्हता, हे टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे.

येथेच एका भारतीय धाग्याचा उल्लेख आवश्यक ठरतो. ‘चर्च-वाढ’ ही एक शास्त्रीय अभ्यासशाखा मानणारे डोनाल्ड मॅकगॅव्हरन १८९७ साली मध्य प्रांतातील दमोह येथे जन्मले आणि छत्तीसगडमध्ये अनेक वर्षे मिशनरी होते. मिशनच्या शाळा आणि रुग्णालये चालतात, पण मंडळ्या का वाढत नाहीत, या प्रश्नाने त्यांना घेरले. माणसे एकेकटी नव्हे तर आपापल्या ज्ञातिसमूहासह धर्म स्वीकारतात. तेव्हा जात, भाषा, वर्ग यांच्या भिंती ओलांडण्याची अट न घालता प्रसार करावा, असे त्यांनी मांडले. १९५५ साली त्यांचे या विषयावरील पुस्तक आले आणि १९६५ साली अमेरिकेतील फुलर सेमिनरीत या विचाराचे पीठ स्थापन झाले. निरीक्षण म्हणून त्यात तथ्य आहे. परंतु धोरण म्हणून ते स्वीकारताच एक गंभीर प्रश्न उभा राहतो. जातीच्या भिंती तशाच ठेवून संख्या वाढली, तर समतेच्या ज्या आश्वासनाने पीडित माणूस चर्चच्या दाराशी आला, त्याचे काय? भारतातील दलित ख्रिस्ती हा प्रश्न आजही विचारीत आहेत.

कोरियात जातीचा प्रश्न नव्हता, परंतु वाढीला शास्त्राची प्रतिष्ठा लाभल्यावर आकडा हेच साध्य बनले. चो यांनी १९७६ साली चर्च-वाढीचा प्रसार करणारी आंतरराष्ट्रीय संस्थाच काढली व जगभरचे पाळक धडे घेण्यासाठी सोलला जाऊ लागले. आत्म्याचे तारण, आरोग्य आणि समृद्धी या तिन्हींचे आश्वासन देणारी चो यांची शिकवण दारिद्र्यात दिलासा देणारी होती; देश श्रीमंत होताच ती संपन्नतेचे समर्थन बनली. मोठे चर्च म्हणजे मोठा आशीर्वाद, हे समीकरण रूढ झाले. मग मंडळी आणि कंपनी यांतला फरक पुसट झाला. २०१४ साली चो यांनाच चर्चचे आर्थिक नुकसान केल्याच्या खटल्यात न्यायालयाने दोषी ठरविले. शिक्षा स्थगित झाली आणि २०२१ साली त्यांचे निधन झाले. म्योंगसुंग या दुसऱ्या विशाल चर्चमध्ये २०१७ साली संस्थापक पाळकांच्या जागी त्यांचा मुलगा आला. पंथाने अशा वारसाहक्काला २०१३ सालीच बंदी घातली होती. तरी २०१९ साली महासभेने तडजोड करून त्याचा मार्ग मोकळा केला. आपल्याकडील घराणेशाहीशी परिचित असलेल्या वाचकाला याचे आश्चर्य वाटणार नाही. कोरियन तरुणांना मात्र ते सहन झाले नाही.

परदेशातील प्रसारकार्यालाही याच वृत्तीची झळ लागली. कोरियन मिशनऱ्यांची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली आणि मिशनरी पाठविण्यात हा देश अमेरिकेच्या खालोखाल गणला जाऊ लागला. २००७ च्या जुलैत एका कोरियन चर्चच्या २३ स्वयंसेवकांना अफगाणिस्तानात तालिबानने ओलीस धरले व त्यांपैकी दोघांची हत्या केली. उरलेल्यांच्या सुटकेसाठी कोरियन सरकारला सैन्य मागे घेण्याचे आणि अफगाणिस्तानात मिशनकार्यास मनाई करण्याचे वचन द्यावे लागले. मायदेशी सहानुभूतीपेक्षा संतापच अधिक उसळला. सरकारचे इशारे डावलून, परक्या समाजाची नाडी न ओळखता जाणाऱ्या उत्साहाची किंमत सर्वांनी का द्यावी, हा लोकांचा प्रश्न होता.

राजकारणातही चर्चची भूमिका पालटली. १९७० च्या दशकात लष्करशाहीविरुद्ध कामगारांच्या बाजूने उभे राहिलेले धर्मोपदेशक तुरुंगात गेले होते. जून १९८७ मध्ये सोलच्या म्योंगदोंग कॅथेड्रलमध्ये आश्रय घेतलेल्या विद्यार्थ्यांना पकडायचे असेल, तर आधी मला, मग धर्मगुरूंना आणि जोगिणींना ओलांडून जावे लागेल, असे कार्डिनल किम सू-ह्वान यांनी सत्ताधाऱ्यांना बजावले होते. २००९ साली ते वारले, तेव्हा अंत्यदर्शनासाठी लाखो लोक कडाक्याच्या थंडीत रांगेत उभे राहिले. याउलट डिसेंबर २०२४ मध्ये अध्यक्ष युन सुक-योल यांनी लष्करी कायदा जाहीर केला आणि एप्रिल २०२५ मध्ये घटना न्यायालयाने त्यांना पदावरून दूर केले, त्या काळात त्यांच्या समर्थनार्थ भरलेल्या प्रचंड सभांचे व्यासपीठ काही प्रोटेस्टंट पाळकांनी गाजविले. त्याच वेळी अनेक धर्मगुरूंनी व ख्रिस्ती संघटनांनी लष्करी कायद्याचा निषेधही केला, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. परंतु लोकांच्या मनात ठसते ते मोठ्या आवाजाचे चित्र.

यावर एक आक्षेप संभवतो. समाज श्रीमंत व शिक्षित झाला की धर्मसंस्थेची पकड सैल होते. युरोपात तेच झाले, मग चर्चला दोष का द्यावा? या म्हणण्यात तथ्य आहे. कोरियाचा जननदर २०२३ साली ०.७२ इतका खाली आला. मुलेच नसतील तर रविवारची शाळा भरणार कशी? अधिक आदराने पाहिल्या जाणाऱ्या कॅथलिक चर्चचे प्रमाणही २००५ ते २०१५ या काळात सुमारे ११ टक्क्यांवरून आठ टक्क्यांच्या आत आले आणि बौद्धांची घसरण त्याहून मोठी झाली. २०१५ साली जनगणनेची पद्धत बदलल्याने ही तुलना काहीशी जपूनच केली पाहिजे. मात्र एवढ्याने सारे उलगडत नाही. कोरियात अलीकडे ‘कनान विश्वासी’ असा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. कनान हा बायबलमधील वचनदत्त देश. कोरियन भाषेत त्याची अक्षरे उलटी वाचली की ‘जात नाही’ असा अर्थ निघतो. श्रद्धा आहे, परंतु चर्चला जात नाही, अशांना उद्देशून हा शब्द वापरतात. जनगणनेत प्रोटेस्टंटांचा आकडा टिकला, तरी बाके रिकामी का, याचे उत्तर या शब्दात आहे. ही माणसे धर्म सोडून गेलेली नाहीत. संस्थेवरचा विश्वास गमावून घरी बसली आहेत.

भारतात धर्मप्रसारावरील चर्चाही प्रायः आकड्यांभोवतीच फिरते. ओरिसाने १९६७ साली व मध्य प्रदेशने १९६८ साली केलेल्या कायद्यांपासून आजवर अनेक राज्यांनी धर्मांतरावर निर्बंध घातले. २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोकसंख्या २.३ टक्के होती, तरी एक पक्ष वाढीचे भय दाखवितो, तर प्रसाराचे काही उत्साही पुरस्कर्ते परदेशी देणगीदारांसाठी तीच वाढ फुगवून सांगतात. दोघांचीही मोजपट्टी एकच आहे आणि दोघेही त्या माणसाला विसरतात, ज्याने कोणत्या तरी अपमानातून, आजारातून वा ओढीतून आपला मार्ग निवडलेला असतो.

कोरियातील चर्च दोन टक्क्यांहून कमी होते, तेव्हा राष्ट्राने त्याचा शब्द मानला. ते वीस टक्क्यांच्या घरात गेले, तेव्हा त्याचीच मुले त्याला जाब विचारू लागली. तोट्याची भीती न बाळगता चर्च समाजाच्या दुःखात उतरले, तेव्हाच ते वाढले होते. वाढ हीच साधना ठरली आणि त्या दुःखाशी असलेले त्याचे नाते सैल झाले. हा धडा केवळ ख्रिस्ती धर्मासाठी आहे, असे मात्र कोणी समजू नये. गर्दीच्या आकड्यांवर आपले माहात्म्य मोजणाऱ्या प्रत्येक मंदिराने, मठाने, दर्ग्याने आणि संप्रदायाने तो वाचण्याजोगा आहे.